खुलं पत्र: वजन तुमच्या खात्याचं, कान आरोग्य खात्याचे?

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

मॅडम, नमस्कार.

अर्ज आजवर ढिगाने लिहिलेत, पत्र हे पहिलंच, त्यामुळे विषय-संदर्भ काही टाकत नाही, सरळ सांगते.

माझा मुलगा आता साडेचार वर्षांचा आहे. तालुक्यापासून १४ किलोमीटरवर आमचं गाव. तो लहान असताना दर महिन्याला मी त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीत वजनाला न्यायचे. ताई वजन करायच्या, उंची घ्यायच्या, मोबाईलमध्ये टाकायच्या आणि म्हणायच्या, "हिरव्यात आहे गं, काही काळजी नाही." मी पण खुश. पोरगं हिरव्यात म्हणजे सगळं ठीक, असंच वाटायचं हो.

आणि घरी हा बोलायचाच नाही. दोन वर्षं झाली तरी "आई" नाही. पाणी पाहिजे असेल तर माठाकडे बोट करून नुसतं ऊं ऊं. सासूबाई म्हणायच्या, याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बघ गप बसवावं लागतं. दर रविवारी मधात वेखंड उगाळून जिभेला लावायच्या, त्याचं तोंड वाकडं व्हायचं ते अजून डोळ्यासमोर आहे. शेजारीण म्हणाली मोबाईलमुळे होतं. तीन महिने घरात मोबाईल लपवून ठेवला, पोरगं होतं तसंच राहिलं, मीच एकटी बडबडत बसायचे. कानांची शंका कुणालाच आली नाही कारण ताट पडलं की तो दचकायचा, ट्रॅक्टर आला की पळत दारात जायचा. ऐकतोय की, मग अजून काय पाहिजे!

दोन वर्षं आठ महिन्यांचा असताना ताप आला म्हणून तालुक्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी ताप बघितला आणि मग तोंडासमोर फाईल धरून मागून हळूच त्याला नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. हा आपला खुर्चीच्या चाकाशी खेळतोय. डॉक्टर म्हणाले बोट दाखवतो, डोळ्यात बघून हसतो, आधी कान तपासा, बेरा म्हणजे कानांची टेस्ट करून घ्या. बेरा टेस्टला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून पहाटेपासून जागं ठेवून आणा म्हणतात. आम्ही चारला उठवला, आणि सकाळच्या यष्टीत खिडकीशी वारा लागला तसा हा माझ्या मांडीवर ढाराढूर, जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा टक्क जागा. औषध पाजलं तरी झोपेना. परत पाठवलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. दुसऱ्यांदा नवऱ्याने दोन तास यष्टीत त्याला उभं धरून नेला.

दोन्ही कानांनी मध्यम कमी ऐकू येतं असं निघालं. म्हणजे ट्रॅक्टर ऐकू यायचा, पण आई जवळ बसून जे बोलते ते अर्धंमुर्धं, पुसट. तीन वर्षं एक महिन्याचा असताना कानाला मशीन लागलं. तोपर्यंत मी त्याला जे जे बोलले, ज्या गोष्टी सांगितल्या, त्यातलं त्याच्यापर्यंत किती पोचलं असेल देव जाणे.

नंतर एके दिवशी ट्रंकेत त्याचं माता बाल संरक्षण कार्ड सापडलं. तुम्ही बघितलं असेल, त्यात चित्रं आहेत, बाळ कुठल्या महिन्यात काय काय करायला लागतं त्याची. माझ्या कार्डात लसींची पानं भरलेली, वजनाचा आलेख भरलेला, आणि ती चित्रांची पानं कोरी करकरीत. मी बारावी पास आहे मॅडम, मी पण वाचलं नव्हतं, नुसता ताईंना दोष देत नाही.

खरं तर हे काही रॉकेट नाहीये. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतो का, नऊ महिन्याला नावाने हाक मारली की वळतो का, दीड वर्षापर्यंत आधाराशिवाय चालतो का, बोट करून वस्तू दाखवतो का, दोन वर्षांना "पाणी दे" असे दोन शब्द जोडतो का. बस. आमच्या आज्या पालथं पडणं, रांगणं, पहिलं पाऊल सगळं बारकाईने बघायच्या, पण मूल मागे पडलं तर "होईल हळूहळू" यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. आता आहे. तरी आपण अजून "होईल हळूहळू"च म्हणतोय.

आणि कागदावर तर सगळं आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्यात वाढीतला विलंब शोधायचं स्पष्ट लिहिलंय, आरोग्य तपासणीच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं, मागे पडलेलं मूल दिसलं तर पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणीला आणि उपचाराला पाठवायचं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल पण आला, त्यात लवकर ओळखा, पुढे पाठवा, सगळं आलंय. मग माझं पोरगं सुटलं कसं? एकदा पथक आलं तेव्हा ज्वारीच्या काढणीला आम्ही माहेरी होतो. दुसऱ्यांदा आलं तेव्हा एका सकाळी सगळी मुलं बघायची होती, हा धष्टपुष्ट, पुढे चला. वर्षातून दोन सकाळी, त्यातली एक हुकली की सहा महिने गेले, आणि दोन वर्षांच्या पोराचे सहा महिने म्हणजे केवढे मोठे असतात ते तुम्हाला सांगायला नको.

दर महिन्याला मूल बघतं कोण? अंगणवाडी ताई. ती तुमच्या खात्याची. पथक आणि ते जिल्ह्याचं केंद्र आरोग्य खात्याचं. म्हणजे पोराचं वजन तुमचं आणि कान त्यांचे, आणि मधल्या खड्ड्यात पोरगं. आमच्या ताईंना मी नंतर विचारलं, तुम्हाला कळलं असतं तर कुठे पाठवलं असतं? त्या म्हणाल्या, "चिठ्ठी दिली असती तालुक्याची, पुढचं काय होतं ते मला कोण सांगतंय."

ताईंवर अजून एक रजिस्टर लादा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पोषण ट्रॅकर, चेहरा पडताळणी, पाकिटांचं वाटप, २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म सुद्धा यांच्याच डोक्यावर. पोराचा फोटो काढताना मी ताईंना बघितलंय, नेट येईना म्हणून त्याला घेऊन अंगणवाडीच्या गच्चीवर उभ्या होत्या. एवढा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे मोबाईलमधून बघितलं, तेवढ्या वेळात त्याला मागून एक हाक मारून झाली असती ना?

१९४५ ला ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी नाव पडलं ते त्यातून. बरोबर अनुताई वाघ होत्या, पुढे कोसबाडला दोघींनी हे काम वाढवलं. पोराजवळ बसून पोराकडे बघायचं, एवढ्यावर ते सगळं उभं होतं. ते आपल्याच राज्यातलं आहे, बाहेरून काही आणायचं नाहीये.

आणि एक भीती पण सांगते. हे वाचून कुणीतरी अधिकारी लगेच तीन वर्षांच्या मुलांची परीक्षा काढतील, ग्रेड देतील. तसलं नको प्लीज. गावात इंग्लिश मीडियमची नर्सरी आलीये, तिथल्या आया अडीच वर्षांच्या पोराला एबीसीडी येते का यावर रात्री अकरापर्यंत ग्रुपवर भांडतात. पेन्सिल धरायला बोटं तयार नाहीत आणि होमवर्क. एखादं मूल नवव्या महिन्यात चालतं, एखादं सतराव्या, दोन्ही ठीक. न रांगता सरळ उठून चालणारी पण असतात. पहिला नंबर कुणाचा हे बघायचंच नाहीये, कुणाचं बोट सुटलंय एवढंच बघायचंय.

म्हणून मागणी छोटी आहे. वजनाच्या दिवशी, कार्डातल्या त्या महिन्याच्या चित्रावर बोट ठेवून ताईंनी आईला दोन-तीन प्रश्न विचारायचे. उत्तर "नाही" असं आलं तर पुढच्या महिन्यात परत. तेव्हाही "नाही"च असेल तर चिठ्ठी नको, तारीख द्या, जिल्ह्याच्या केंद्राची, ताईंच्या मोबाईलवर, आणि आईची यष्टी फुकट करा, बेरासारख्या टेस्टला दोन खेपा होतात हे धरूनच करा. त्यासाठी ताईंचं दुसरं एखादं काम कमी करा. आणि आरोग्य मंत्र्यांबरोबर एकदा चहाला बसा, कारण तुम्ही दोघं एका टेबलावर आल्याशिवाय हे होणार नाही.

आमचा आता बोलतो. "आई" पहिला शब्द नव्हता, "टॅक्टर" होता. स्पीच थेरपी चालू आहे, जोडाक्षरं अजून अडतात.

आमच्या ताई मात्र हुशार निघाल्या. गेल्या महिन्यात वजनाला त्या प्रत्येक पोराला तोंडासमोर रजिस्टर धरून मागून हाक मारत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातलं एक, वीस महिन्यांची मुलगी, वळली नाही. तिच्या आईने मला विचारलंय, ताई, आता कुठे जाऊ? मी माझ्या डॉक्टरांचं नाव दिलं, दुसरं माझ्याकडे काय आहे. तिला कुठल्या तारखेला कुठे पाठवायचं, तेवढं कळवा.

एक आई