तक्रार: बॉक्समध्ये स्लिम बेअरिंग नाही, दोरी पॉलिस्टरची नाही आणि वर रिटर्न पण नाही

नमस्कार साहेब / मॅडम,

तुमच्या साइटवरून मी १,८५० रुपयांचा अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो मागवला होता. सोलापूरला सहा दिवसात आला, पॅकिंग पण चांगलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आतल्या मालाची आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त तुमच्या लोकांच्या उत्तरांची आहे. चॅटवर तीनदा सांगून झालं, दरवेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारतो, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतोय, लांब होईल पण वाचा.

शाळेत असताना मी यो-यो लई खेळायचो. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला प्लास्टिकचा होता, त्याच्यावर स्लीपर, वॉक द डॉग, रॉक द बेबी, अराउंड द वर्ल्ड सगळ्या ट्रिक यायच्या (त्या शेवटच्यात घरातली ट्यूबलाइट गेली होती, तो मार अजून आठवतो). मग दहावी, आयटीआय, नोकरी, सुटलं ते सुटलंच. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत तोच यो-यो सापडला, पोराला दाखवायला म्हणून टाकला आणि चौथ्या वेळी फरशीवर आपटून दोन तुकडे. पोरगं म्हणालं, पप्पा नवीन घ्या की.

शोधायला बसलो तर वीस वर्षात सगळंच बदललेलं. आमच्या वेळी एकच प्रकार, खाली टाकायचा, हिसका द्यायचा, हातात. आता रिस्पॉन्सिव्ह वेगळा, अनरिस्पॉन्सिव्ह वेगळा, आणि हा दुसरा हिसक्याने वर येतच नाही, दोरीचा पदर मधल्या फटीत घालून बाइंड करावा लागतो तेव्हा येतो. मला आधी जुना हात बसेपर्यंत हिसक्यावर येणारा पाहिजे होता आणि बाइंड नंतर शिकायचं होतं, म्हणून पैसे भरायच्या आधी तुमच्या चॅटवर हे असंच्या असं विचारलं. उत्तर आलं, "हो सर, दोन बेअरिंग येतात, स्लिम बसवलेलं असतं आणि रुंद वेगळ्या पुडीत असतं." स्क्रीनशॉट जोडलाय. (स्लिम म्हणजे अरुंद बेअरिंग, त्याच्यावर यो-यो हिसक्याने वर येतो, रुंदवर बाइंड करावा लागतो.)

बॉक्समध्ये पुडी नव्हतीच. म्हटलं जाऊ दे, बसवलेलं तर स्लिम आहे. गच्चीवर गेलो, टाकला, असला गुळगुळीत फिरला की खरंच भारी वाटलं, मग हिसका दिला. काही नाही. परत दिला, नुसता उडी मारून परत खाली, फिरतोयच. शेवटी फिरून फिरून थंड झाला आणि दोरीला लटकला, पोरगं माझ्या तोंडाकडे बघतंय. हाताने दोरी गुंडाळून घेतली तेव्हा वर आला. असं वीस-पंचवीस वेळा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बेअरिंग माझ्या रोजच्या हातातली वस्तू. यो-यो फिरवून उघडला, बेअरिंग काढलं, व्हर्नियर लावला: बाहेरून १२.७०, भोक ६.३५, रुंदी ४.७६ मिलिमीटर. म्हणजे नेहमीचं रुंद सी साइज. याच्यावर फट मोठी राहते, दोरी आतल्या सिलिकॉनच्या पॅडला पुरेशी घासतच नाही, मग हिसक्याला पकडणार कशी? म्हणजे स्लिम बेअरिंग बसवलेलं पण नाही आणि पुडीत पण नाही. व्हर्नियरचा फोटो पाठवला तर तुमच्या माणसाने विचारलं, "सर, दोरी आसाला घट्ट बांधली आहे का?" अहो, बांधायची नसतेच ती! नुसता फास घालून सोडायची, म्हणून तर तो खाली फिरत राहतो. फिलिपिन्सच्या पेद्रो फ्लोरेसने १९२८ साली कॅलिफोर्नियात यो-योची कंपनी काढली, त्याचे यो-यो असेच फासावर फिरायचे, आणि तुम्ही २० वर्षांनी परत खेळायला आलेल्या माणसाला गाठ मारायला सांगताय. दुसरा म्हणाला तेल टाका. टाकलं. दहा-बारा वेळा अर्धवट वर आला, नंतर परत तेच.

आता दोरी. पाकिटावर छापलंय "१०० टक्के पॉलिस्टर, १० नग". पहिली दोन दिवसात बोटाच्या फासाजवळ पिंजली, दुसरी तिसऱ्या दिवशी तुटली आणि यो-यो थेट नडगीवर, काळंनिळं झालंय. हाताला लागल्यावरच मला शंका आली होती. सोलापूरच्या माणसाला सूत ओळखायला शिकवू नका. टोकाला काडी लावली: भुरभुर जळाली, कागद जळल्यासारखा वास आणि करडी राख, बोटाने दाबली की पीठ. पॉलिस्टर असतं तर आखडून वितळलं असतं आणि काळा कडक मणी झाला असता. चार वेगवेगळ्या दोऱ्या जाळून बघितल्या, चारही सुती. व्हिडिओ जोडलाय.

आणि रिटर्न का नाकारला, तर "प्रॉडक्ट वापरलेलं आहे, बोटाचा फास केलेला आहे." फास न करता, न टाकता, तो वर येतो की नाही हे मी कसं बघायचं? बॉक्सवर हात फिरवून?

एक सांगतो, यो-यो वाईट नाही. वजन, बॅलन्स छान आहे, डगमगत नाही, आणि बाइंड मला आता दहात तीन-चार वेळा जमतोय. तो मुद्दाच नाही. मी विचारून, सांगून, पैसे देऊन जे घेतलं ते आलेलं नाही.

मला स्लिम बेअरिंग आणि खऱ्या पॉलिस्टरच्या १० दोऱ्या पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. नाहीतर यो-यो घेऊन जा आणि पूर्ण पैसे द्या. आठ दिवस वाट बघतो, नंतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकणार, स्क्रीनशॉट सगळे जपून ठेवलेत.

फोन करायचा असेल तर दुपारी चारनंतरच करा, सकाळची शिफ्ट असते, मागाच्या आवाजात ऐकू येत नाही. आणि मागच्यासारखं मिस कॉल बघून "ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही" लिहून तक्रार बंद करू नका.

तुमचा ग्राहक,
सोलापूर