नमुना शेवटच्या नळाचा घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या अंकात एक ठरलेली बातमी येते. अमुक गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण, आरोग्य पथक दाखल, पाण्याचे नमुने तपासले, पाणी पिण्यायोग्य. वाचणारा विचारतो, पाणी चांगलं होतं तर पोरं आजारी पडली कशी? याचं निदान एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण असे नमुने घेणाऱ्यांत मीही होतो.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात मी 31 वर्षं पाणी सोडायचं काम केलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष एकट्या आमच्या गावाचा नाही, आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

नमुना कसा घ्यायचा हे प्रशिक्षणात नीट शिकवतात. नळाचं तोंड पेटत्या बोळ्यानं भाजायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग निर्जंतुक बाटली भरायची, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. पण नमुना कुठल्या नळाचा, हे आम्हीच ठरवायचो. मी टाकीच्या बुडाशी असलेल्या नळाचा घ्यायचो. सकाळी ब्लीचिंग पावडर टाकलेली, पाणी ताजं, अहवाल चांगला येणारच. शेवटच्या वस्तीपर्यंत चालत जायचा कंटाळा हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे नमुना दूषित आला की कागद वाढायचे आणि बोलणी मलाच बसायची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड लागायचं त्यात माझाही हातभार होता, आणि त्याची आता लाज वाटते.

टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाण्याचं काय होतं ते सांगतो. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी पाइप गटारीला लागून गेलेत, कुठं कुठं तर गटारीतूनच. त्यात दाब कमी, म्हणून लोक नळ खाली घेतात. उंबऱ्यापुढं दोन-अडीच फुटांचा खड्डा आणि त्यात तळाशी बिनतोटीचा नळ. त्या खड्ड्यात भांड्याचं खरकटं उतरतं, पोरांचे पाय धुतलेलं पाणी उतरतं, पावसात गटार तुंबली की तीही उतरते. मी व्हॉल्व्ह बंद केला की उतारावरचा पाइप रिकामा होताना आतून ओढ घेतो आणि खड्ड्यातलं ते सगळं पाणी उलटं पाइपात शिरतं. वर कुणी टिल्लू मोटर थेट नळाला जोडली असेल तर विचारायलाच नको. जिथं सांधा गळका, तिथून ती गटारीचं पाणी आत खेचते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की खालच्या आळीच्या पहिल्या घागरीत तेच येतं.

पहिलं पाणी सोडून द्या, असा सल्ला देतात. शेवटच्या घरांना पाणी मिळतंच वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं सोडा, हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता पावडरीचं. टीसीएलचं, म्हणजे याच ब्लीचिंग पावडरीचं, प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे आमच्या एक लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. हा हिशेब पावडरीत 33 टक्के क्लोरीन धरून आहे. पोतं एकदा फोडून दमट खोलीत उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपण टाकीत बराचसा चुनाच टाकत असतो. वजन बरोबर, वहीत नोंद बरोबर. पावसाळ्यात नदी गढूळ असली की पाण्यातला गाळच क्लोरीन खातो, जंतूंसाठी थोडाच उरतो. म्हणून टाकलं किती यापेक्षा नळाला उरलं किती हे बघायचं असतं. घरच्या नळाला लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, साथीच्या दिवसांत 0.5. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं आणि ते लगेच बघायचं असतं. इतकी साधी परीक्षा आहे.

पण पाणी पिवळं झालं की लोक भांडायला येतात. “नाना, पाणी वास मारतंय, चहा नासतोय, पोरं पीत न्हाईत.” एका सदस्यांच्या घरून अशी तक्रार आली आणि पुढचे पंधरा दिवस मी हात आखडला. त्याच उन्हाळ्यात गावात काविळीचे रुग्ण निघाले. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता हे मला कधीच कळलं नाही, आणि अडचण तीच आहे. पाण्यातून येणारी कावीळ पाणी पिल्यावर साधारण दोन ते आठ-दहा आठवड्यांनी दिसते. डोळे पिवळे होतात तोवर ते पाणी वाहून गेलेलं असतं, फुटका पाइप कुणीतरी रबर बांधून मिटवलेला असतो आणि माणूस काविळीची माळ घालायला दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्या वेळी घेतलेला नमुना चांगला येतो यात नवल नाही. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत 2012 साली काविळीची केवढी साथ आली होती, ते अनेकांना आठवत असेल. यातला हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेततो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. आशाताईंना हे माहीत असतं, पाणी सोडणाऱ्याला कुणी सांगत नाही. मला माझ्या सुनेच्या सातव्या महिन्यात, तिच्या डॉक्टरांकडून कळलं.

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचं जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, बुडालं होतं. त्या महिनाभर प्रत्येक टँकरची ओटी घेतली जायची आणि वासाची तक्रार कुणी केली नाही. भीती होती तोवर सगळं नियमात चाललं.

जे उकळून पितात त्यांच्यासाठी एक गोष्ट. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. आमच्याकडं उसाला युरिया कसा पडतो ते सर्वांना माहीत आहे, आणि तो झिरपून विहिरी-बोअरला येतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. बाटलीवरच्या तान्ह्या बाळाला दूध कालवायला बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी ते रासायनिक तपासणीला द्या. गार पाण्याचे जार हा वेगळाच विषय आहे. त्यात क्लोरीन उरलेला नसतो आणि जार किती वेळा धुतला जातो हे गाडीवाल्या पोराला विचारून बघा.

पुण्यात 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हा आमच्याकडंही आठ दिवस धावपळ झाली. पत्रं आली, पावडर आली, फोटो निघाले. नमुना पुन्हा टाकीच्याच नळाचा.

माझी मागणी फार नाही. नमुन्याच्या बाटलीवर घर आणि वेळ लिहावी. पाणी सुटल्यावर अगदी शेवटी ज्या घराला मिळतं तिथला नमुना दर महिन्याला असावा, आणि तो दूषित आला तर पाणी सोडणाऱ्याला झापण्याऐवजी पाइप उकरावा. खड्ड्यातले नळ वर घेऊन त्यांना तोट्या बसवाव्यात. हे करायला दाब वाढवावा लागेल आणि टिल्लू मोटरी काढाव्या लागतील, म्हणजे मतं दुखावतील, हे मला कळतं.

निवृत्तीनंतर मी ओटीची एक बाटली घरी आणून ठेवली आहे. दर गुरुवारी शेवटच्या वस्तीवर जातो, एका म्हाताऱ्या बाईंच्या नळाखाली काचेची नळी धरतो. गेले तीन गुरुवार रंग चढलेला नाही. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) लेखी दिलं, पोच घेतली. त्यांनी सांगितलं, अहवाल तर चांगला आहे.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी
ता. पलूस, जि. सांगली