चुकलेलं उत्तर पुसू न देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमच्या शाळेतली इंटर्नशिप संपली त्या दिवशी निरोप घाईतच झाला. तुमच्यासमोर उभं राहून हे सगळं मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. उघड लिहितेय, कारण गणित पद्धत घेऊन बी.एड. करणाऱ्या इतरांपर्यंतही ते पोचावं असं मनापासून वाटतं.

कॉलेजात आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतो. पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन. त्याने आवाज आणि हात तयार होतो, हे खरं. पण तिथे विद्यार्थी म्हणून आमचेच सोबती बसतात आणि त्यांना उत्तरं येत असतात. १/२ + १/३ = २/५ असं तिथे कुणी लिहीत नाही. तुमच्या सहावीत मात्र कितीतरी वह्यांत तेच होतं.

छेद समान करा, लसावि काढा, एवढं सांगून तुम्हाला पुढे जाता आलं असतं. तुम्ही २/५ फळ्यावर तसंच ठेवलंत आणि खिडकीजवळच्या मुलाला विचारलंत, "कसं काढलंस रे?" आणि थांबलात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात. तुमच्या वर्गात ते डोळ्यांनी पाहिलं. मुलगा बोलला, "वरचे वरच्यात, खालचे खालच्यात."

मग तुम्ही म्हणालात, "सीएसएमटीहून कुर्ल्याला स्लो लोकलने अर्धा तास धरा. उतरून घरापर्यंत चालत तासाचा तिसरा भाग. किती वेळ लागला?" तीस आणि वीस, पन्नास मिनिटं. "आणि फळ्यावरचे २/५ तास म्हणजे किती?" वर्गाने हिशेब केला, चोवीस मिनिटं. तोच मुलगा ओरडला, "बाई, म्हणजे ट्रेन कुर्ल्याला यायच्या आधीच मी घरी!" पुढचं मुलांनीच केलं. तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा भाग. तीन ट्रेनचे, दोन चालण्याचे. ५/६. लसावि हा शब्द तुम्ही त्यानंतर उच्चारलात.

तास इथेच संपला असता तरी मला खूप मिळालं असतं. पण मागच्या बाकावरची मुलगी अडून बसली. "क्रिकेटमध्ये दोन बॉलमध्ये एक फोर मारला, मग तीन बॉलमध्ये एक, तर पाचात दोनच ना?" तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणालात आणि दोन्ही उदाहरणं शेजारी-शेजारी लिहिलीत. तासाच्या उदाहरणात 'एक पूर्ण' म्हणजे तोच एक तास, शेवटपर्यंत. तिच्या उदाहरणात पूर्ण बदलत जातं, आधी दोन बॉल, मग तीन, शेवटी पाच. हे मुलांकडून वदवून घ्यायला उरलेली तासिका गेली. घटक एक तासिका मागे पडला, तरी तुमच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. मुलांचं चुकलेलं उत्तरही कुठल्यातरी विचारातून आलेलं असतं, तो विचार आधी ऐकायचा, ही गोष्ट मी त्या तासाला शिकले. शिक्षक म्हणून माझ्याकडे जे काही आहे त्यात ही सगळ्यात मोलाची.

नंतर स्टाफरूममध्ये तुम्ही तुमचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, दाखवलंत. उजवीकडे एक रकाना, 'मुलं काय म्हणतील'. त्यात २/५ आधीच लिहिलेलं होतं. आकडेही तुम्ही मुद्दाम निवडले होते. अर्धा आणि पाव दिले असते तर पाऊण हे उत्तर मुलांच्या तोंडात तयारच होतं, डोकं लावायची गरजच पडली नसती. तो रकाना माझ्या प्रत्येक टाचणात आता असतो.

स्वतःच्या तासिका, पेपर तपासणी, वर सरकारी कामं, आणि तरीही तुम्ही माझ्या प्रत्येक पाठाला शेवटच्या बाकावर बसलात, यासाठी तुमची मनापासून ऋणी आहे.

आता दशांश अपूर्णांकांचं टाचण करतेय. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे, हे उजव्या रकान्यात लिहून झालंय. आणखी काय येईल ते तुम्ही सांगाल का? रविवारी फोन करते.

आपली,
गणित पद्धतीची छात्राध्यापिका