महासभेत संविधान, वॉर्डात काय?

संपादक साहेब,
परवा आमच्या पालिकेच्या महासभेला प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो, विषय होता कडव्या डाव्या संघटनांना आळा घालायला राज्य सरकारने आणलेलं जनसुरक्षा विधेयक आणि नागरिकांचं स्वातंत्र्य. दोन्ही बाजूचे नगरसेवक घसा फोडून बोलले, एकाने तर संविधानाची प्रतच उंचावली. आता विषय महत्त्वाचा आहेच, जुलै २०२५ ला विधिमंडळात ते मंजूर झालं तेव्हा बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी सैल ठेवली की साधा मोर्चा काढणाऱ्यालाही धाकधूक वाटावी, त्यामुळे नगरसेवकांनी बोलावंच.

पण त्याच संविधानात कलम २४३ यू पण आहे ना! पालिकेची मुदत ५ वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात, आणि मग वर्षानुवर्षं नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेला प्रशासक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा म्हटलं तेव्हा कुठे गाडी हलली. तोवर गटार तुंबलं तरी तक्रार कोणाकडे न्यायची हेच कळत नव्हतं, विश्वास तिथेच उडतो हो, भाषणांनी परत येत नाही.

सभा संपल्यावर जिन्यात एका तरुण नगरसेवकाला गाठलं, म्हटलं २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी वॉर्डातच बसून कामं ठरवायची, आपली कधी घेताय? तो म्हणाला, "ते काय असतं काका?"

- एक करदाता