आधी ब्रेक, मग बूस्ट

संपादक महोदय,

टर्बो गाडी घेतली की पोरं आधी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवतात आणि ब्रेक-टायर मात्र तेच जुने, हे बघून खरंच जीव घाबरतो. वेग 100 वरून 200 झाला की ब्रेकला चौपट एनर्जी जिरवावी लागते हो! मी स्वतः ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं, ट्रॅकवर (असला वेग तिथेच काढावा, रस्त्यावर अजिबात नाही) चौथ्या लॅपला पेडल स्पंजासारखं मऊ होऊन थेट खाली गेलं. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पण ओलावा शोषला की 155 पर्यंत येऊ शकतो, ऑइल उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागतच नाही. टायरवरचं वेगमर्यादेचं अक्षरही बघा, एच म्हणजे ताशी 210 किमीपर्यंतच, व्ही म्हणजे 240.

— एक वाचक