साउंडवाले दादा, जुना मॅक आधी चालू करायला लावलात, त्याबद्दल

साउंडवाले दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. मिरज-सांगलीत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. वायर गुंडाळताना एक वेढा सुलटा आणि एक उलटा घालणारे, आणि दुसऱ्या कुणी ती कोपरावर गुंडाळली की तोंड वाकडं करणारे इथे फार नाहीत.

शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर तुम्ही वायरीच गुंडाळत होतात. मी येऊन विचारलं, "दादा, रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" पंधरा दिवस भेटेल त्याला मी हेच विचारत होते आणि प्रत्येक जण एक नवं नाव हातावर ठेवत होता. भाचा म्हणाला क्युबेस. एका पालकांनी सांगितलं, आता सगळं मोबाइलवरच होतं. नवा विंडोजचा लॅपटॉप जिथे घेतला त्या दुकानदाराने तर मी काही बोलायच्या आत एक भलंमोठं स्टुडिओ सॉफ्टवेअर 'मोफत' टाकूनही दिलं. तुम्ही मात्र हातातली वायर न सोडता उलट मलाच विचारलंत, "जुना कॉम्प्युटर चालू होतो का अजून?"

होत होता, कसाबसा. भावाने दिलेला 2011 चा आयमॅक. पडद्यावर उभ्या रेघा यायच्या, पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर एकदा उठायचा. मी त्याच्यावर चादर टाकून मोकळी झाले होते. तुम्ही म्हणालात, "मग नवीन सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी त्याच्या पोटातलं बाहेर काढा."

या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे. बाकीचं त्याच्यामागून आलं.

माझा क्लास लहान, पण पसारा दहा वर्षांचा. मुलांना घरी रियाजाला म्हणून पेटी, तबला आणि माझा आवाज असं रेकॉर्ड करून द्यायचं. सगळं गॅरेजबँड नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. अॅपलने ते 2004 साली आणलं तेव्हापासून ते फक्त त्यांच्याच यंत्रांवर चालतं, हे मला माहीत होतं. पण 'विंडोजवर चालत नाही' याचा अर्थ 'विंडोजवर माझी एक्केचाळीस गाणी उघडणारच नाहीत' असा होतो, हे डोक्यात शिरलं नव्हतं. फायली कॉपी केल्या की झालं, असं मी धरून चालले होते.

रविवारी तुम्ही हार्ड डिस्क घेऊन आलात. आल्या आल्या ती पुसून एक्सफॅट की काय त्या पद्धतीने तयार केलीत, कारण मॅकच्या पद्धतीने तयार केलेली विंडोज वाचत नाही आणि विंडोजच्या पद्धतीने केलेलीवर मॅक लिहीत नाही. मग एक गाणं तिच्यावर घेऊन नव्या लॅपटॉपला लावलंत. मॅकवर जी एक फाइल दिसायची, ती तिथे चक्क फोल्डर होऊन समोर आली! "ही फाइल नव्हतीच ताई, ही पिशवी आहे," तुम्ही म्हणालात. आत मीडिया नावाच्या कप्प्यात माझी सगळी मूळ रेकॉर्डिंगं, कात्री लागायच्या आधीची, जशीच्या तशी.

त्यातलं पहिलं तुम्ही वाजवलंत आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. गाणं सुरू व्हायच्या आधी कुकरच्या तीन शिट्ट्या, मग माझा खणखणीत आवाज, "गॅस बंद करा रे कुणीतरी!" दुसऱ्यात दूधवाल्याचा हिशोब. गॅरेजबँडमध्ये मी तेवढा भाग कापला होता, पण कापणं म्हणजे नुसता पडदा ओढणं, मूळ आवाज मागे तसाच राहतो, हे तेव्हा कळलं. तुम्ही हसला नाहीत. पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर गंभीरपणे लिहीत गेलात: 'तीन शिट्ट्या – भूप', 'दूध – यमन'. त्या रेकॉर्डिंगांची नावं माझ्याकडे आजही तीच आहेत.

पण पिशवीतले तुकडे नुसते उचलून चालत नाहीत. कुठला कुठून सुरू होतो, हे गॅरेजबँडलाच माहीत. म्हणून तयार गाण्यांसाठी तुम्ही दुसरी रीत दाखवलीत. वरची ती पिवळी पट्टी पहिल्या मात्रेपासून गाणं संपेपर्यंत ताणायची, एकेक ट्रॅक सोलो करायचा, म्हणजे बाकीचे गप्प ठेवून तो एकटाच वाजवायचा, आणि बाहेर काढायचा. पेटी वेगळी, आवाज वेगळा, तबला वेगळा. पेटी चौथ्या आवर्तनात येत असली तरी आधीची शांतता तिच्या फायलीत राहते, म्हणजे सगळ्या फायली सारख्याच लांबीच्या. नव्या घरात त्या शून्यावर ठेवल्या की आपोआप एकमेकींत बसतात. त्या संध्याकाळी सहा गाणी झाली. उरलेली पस्तीस मी आठवडाभर रोज रात्री काढली. शेवटचं गाणं निघाल्यावर तिसऱ्या दिवशी मॅक उठायचा बंद झाला. उगाच रंगवून सांगत नाही, खरंच तिसऱ्या दिवशी.

एक गोष्ट गेली ती गेलीच. तबला माझा नव्हता, गॅरेजबँडच्या पोटातले तयार तुकडे होते. ते आवाज म्हणून बाहेर आले, पण आता त्यांची लय बदलायची किंवा ठेका फिरवायचा म्हटलं तर ते आपल्या हातात नाही. मी हळहळले, तेव्हा तुम्ही बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलंत. तिथे माझाच एक विद्यार्थी तबल्यावर हात साफ करत बसला होता. ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली गाणारी बाई कॉम्प्युटरमध्ये तबला आणि तानपुरा शोधत बसली होती. असो. रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मीही वापरते, त्यामुळे फार बोलण्यात अर्थ नाही.

मग आलात सॉफ्टवेअरवर. दुकानदाराचं 'मोफत' सॉफ्टवेअर आधी काढायला लावलंत. ते घालताना त्याने अँटिव्हायरस बंद केला होता हे ऐकल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग म्हणालात, "तुम्ही आठवडाभरात खरंच काय काय करता ते लिहा. काय करावंसं वाटतं ते नको." मी लिहिलं: पेटी आणि आवाज एका वेळी पण वेगळे रेकॉर्ड करणं, चुकलेली ओळ परत गाऊन मधे बसवणं, सात आणि दहा मात्रांत टकटक, पट्टी बदलणं. चारच गोष्टी निघाल्या. बत्तीस ट्रॅक, सिंथेसायझर, ऑर्केस्ट्रा यातलं काहीच नव्हतं, आणि दुकानदार तर त्याचंच कौतुक करत होता.

तीन नावं देऊन तुम्ही म्हणालात, एकच अभंग तिन्हींत रेकॉर्ड करा, मग मला फोन करा.

ऑडॅसिटी मला आवडलं. फुकट, कोडही सगळ्यांना खुला, 2000 सालापासून लोक वापरतायत, लाल बटण दाबलं की सुरू. नुसतं गाणं टिपायचं तर मी आजही तेच उघडते. पण एका ओळीवर दुसरी बसवायला गेलं की माझा गोंधळ व्हायचा. केकवॉक दिसायला सगळ्यात रुबाबदार. त्याची कहाणी तुम्ही सांगितलीत: 1987 पासूनचं जुनं घराणं, गिटारवाल्या गिब्सन कंपनीने घेतलं, 2017 मध्ये काम थांबवलं, 2018 मध्ये बँडलॅब कंपनीने उचलून फुकट केलं, आणि आता पुन्हा सोनार नावाने नवा संसार. "वाईट नाही, पण घरमालक फार बदलले," एवढंच म्हणालात. मला त्याचं अधूनमधून इंटरनेटवर ओळखपत्र मागणं जाचायचं. आमच्या गल्लीत नेट कधी असतं, कधी नसतं.

रीपर उघडलं तेव्हा ते मला अजिबात आवडलं नाही. राखाडी, रिकामं, ना एक वाद्य ना एक तयार तुकडा. वर तुम्ही म्हणालात, हे ज्याने केलं त्यानेच 1997 मध्ये विनॅम्प हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर केलं होतं. जस्टिन फ्रँकेल. विनॅम्प म्हटल्यावर मात्र मी जरा सैलावले. कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायच्या दिवसांत रात्र-रात्र ते हिरवे आकडे बघितलेत.

पहिल्याच दिवशी रीपरने मला रडवलं. मी गाते तो आवाज हेडफोनमध्ये मागाहून येई, विहिरीत वाकून हाक मारल्यासारखा. समेवर येणंच जमेना. मी तुम्हाला फोन करून म्हटलं, हे सॉफ्टवेअर खराब आहे. मॅकवर असं कधी झालं नव्हतं, आणि पेटी तीच, माइक तोच, माइक कॉम्प्युटरला जोडायचा स्कार्लेटचा लाल डबाही तोच. तुम्ही विचारलंत, त्या डब्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला तो डबा नीट वापरता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, घातला का? मॅकला लागला नव्हता, म्हणून मी विंडोजलाही घातला नव्हता. मग तुम्ही समजावलंत ते मी आता क्लासमध्ये मुलांना सांगते. कॉम्प्युटर आवाज थेंब-थेंब घेत नाही, तांब्या भरला की ओततो. तुमचा तांब्या 1024 नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या 1024 बारीक मोजमापांचा आहे. सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे एक तांब्या भरायला 23 मिलिसेकंद. "मैदानावर आम्ही मागचे स्पीकर लावतो तेव्हा हाच हिशोब करतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे तुमचा साथीदार आठ मीटर लांब बसलाय. आणि हा नुसता एक तांब्या, येताना एक आणि जाताना एक धरला तर रस्त्यापलीकडेच."

ड्रायव्हर घातला, रीपरमध्ये एसिओ (त्या ड्रायव्हरचा आवाज लवकर पोचवायचा रस्ता) निवडलं, तांब्याचा आकडा 128 वर आणला. साथीदार मीटरभरावर येऊन बसला. त्यात दोष रीपरचा नव्हता. मी मात्र दोन दिवस त्याला शिव्या घालत होते.

पट्टीचंही तसंच. काळी चारमधलं गाणं काळी पाचला नेणं दोन घरांचं काम, रीपर ते लय न हलवता करतं आणि पेटी पेटीच वाटते. मी हावरटपणे तेच मुलग्यांसाठी पाच घरं वर, काळी एकला नेलं. पेटीचं खेळणं झालं, जत्रेत मिळतं तसं. तुम्ही एकच वाक्य लिहून पाठवलंत: 'दोन घरांच्या पलीकडे परत वाजवा.' तेव्हापासून परत वाजवते. पाच मिनिटांचं काम, आणि गाणंही बरं होतं.

पैशांचंही सांगते, कारण वाचणाऱ्यांना तेच हवं असतं. रीपर साठ दिवस पूर्ण वापरू देतं. त्यानंतरही बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करतं. माझ्यासारख्यांसाठी किंमत साठ डॉलर, माझ्या दहा मुलांची महिन्याची फी. मी म्हटलं, बंद पडतच नाही तर घाई काय? तुम्ही शांतपणे विचारलंत, "फी न दिलेल्या मुलाला तुम्ही क्लासमधून काढता का?" नाही म्हटलं. "मग त्याने फी द्यायची का नाही?" त्याच रात्री भावाच्या कार्डावरून पैसे भरले.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. डिझेलचेही नाही. म्हणून ही गोष्ट चारचौघांत लिहितेय, त्याला तुम्हाला हरकत घेता येणार नाही.

आता एक कबुली. सतरा नंबरचं गाणं, रूपकातलं. त्यात आवाज पेटीच्या आधी येतो, अशी तक्रार मी तुमच्याकडे तीनदा केली होती. मॅकमधून काढताना घसरलं असेल, असं तुम्हीही म्हणालात आणि परत एकदा तपासून द्यायचं कबूल केलंत. तसदी घेऊ नका. परवा मी ते रीपरमध्ये सात मात्रांच्या रेघांवर ठेवून बघितलं. पेटी बरोबर रेघेवर. तबला बरोबर रेघेवर. आवाज मात्र प्रत्येक आवर्तनात रेघेच्या अलीकडे, एकदाही चुकून नाही, ठरवून आल्यासारखा. मग बाकीची चाळीसही काढली. रूपकातली सगळी तशीच. ते आठ मीटरचं अंतर नव्हतं दादा, दहा वर्षं मीच समेच्या आधी येतेय, आणि मुलांना तसंच शिकवतेय.

सतरा नंबर पुन्हा गायलाय. जुनंही ठेवलंय, शेजारच्या ट्रॅकवर, म्यूट करून.

तुमची हार्ड डिस्क निळ्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या वर ठेवलीय. उरसाच्या कामातून मोकळे झालात की न्यायला या.

आपली,
पेटीवाल्या बाई, मिरज