फोनवरच्या तपासणीला उपकेंद्राची जोड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची, मार्गदर्शक तत्त्वे काढली, पाठोपाठ एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी ही घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा सुरू झाली. कोरोनाची साथ सरली, तरी गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणातल्या रक्तदाब-मधुमेहाच्या वयस्क रुग्णांना ही सोय हवीच आहे, पावसाळ्यात तर अधिकच. म्हणूनच ती कुठे फसते ते सांगणे भाग आहे.

बहुतेकदा फोन मुलाच्या हातात असतो आणि आजी आतल्या खोलीत. "दम लागतो का?" या प्रश्नाला "नाही, बरी आहे" असे मुलगाच सांगून मोकळा होतो. डॉक्टरांनी फोन आजीलाच द्यायला लावावा आणि बोलताना तिचे वाक्य मध्येच तुटते का, हे ऐकावे. एका श्वासात आकडे मोजायला लावण्याची पद्धत साथीत बरीच पसरली होती. तिच्यावर विसंबू नये. काल न्हाणीपर्यंत चालवत होते, आज चालवते का, यातून जास्त कळते. बोट गार असले किंवा नखाला रंग असला तर रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटरही चुकतो.

गोळ्यांचा घोळ तर नेहमीचाच. दुकानदार पट्टी कापून देतो आणि गोळीचे नाव, ताकद नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. मग डॉक्टरांच्या कानी "बीपीची पांढरी गोळी" एवढेच पडते, आणि ५ मिलिग्रॅमच्या जागी १० लिहिले जाण्याची भीती असते. सगळी औषधे आणि जुनी चिठ्ठी समोर घेऊनच फोन लावावा. नवी चिठ्ठी डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह मागून घ्यावी, तसा नियमच आहे. डॉक्टरांनी "प्रत्यक्ष या" म्हटले तर ती टाळाटाळ समजू नये.

घरी रक्तदाबाचे यंत्र असले तरी पट्टा सदऱ्यावरूनच बांधतात, वर गप्पाही चालू. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे.

आरोग्य सेवा संचालनालयाला विनंती आहे की, आठवड्यातला एक दिवस ठरवून आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब, साखर, वजन मोजावे, मधुमेहींचे तळपाय बघावेत आणि तिथूनच डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून द्यावा. रेंज गेली तर परत फोन कोणी करायचा, हेही आधीच ठरलेले असावे. छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे यांसाठी मात्र कोणत्याही कॉलची वाट न पाहता १०८ लावावा, अशी पाटी प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर मराठी-कोकणीत लागावी.

कळावे,
आपली,
एक वाचक, वाळपई-सत्तरी